आमचं शेतकरी संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या दक्षिणेला जे काळ्या मातीचं शिवार आहे, तिथल्या एका जुन्या घराचा सोपा, माजघर आणि गोठा मिळून आमचं संग्रहालय होतं. बघायला येणारे, वस्तू द्यायला येणारे आणि पुण्या-मुंबईहून फोन करणारे पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे संग्रहालय नेमकं कशाचं?

शेतीचं, आणि ती करणाऱ्या माणसांचं. तलवारी, तोफा इथे नाहीत. येळ्ळूरचा राजहंसगड अंगणातून दिसतो आणि त्याचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. त्या गडाच्या पायथ्याला कोणी काय पेरलं, जमिनीच्या मालकाला खंड (धान्यातलं भाडं) किती घातला, पावसाने ओढ दिली त्या वर्षी घरात काय शिजलं, हे सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत. म्हणून आमचा पहिला नियम : वस्तू नंतर, माहिती आधी. नांगर कुठेही मिळेल. तो कोणत्या रानात चालला, कोणत्या सुताराने घडवला, त्याला बाभळीचंच लाकूड का लावलं, हे सांगणारा माणूस गेला की त्या नांगराचं मोल निम्मं होतं. ज्यांनी स्वतः मोट (विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची चामड्याची पखाल) हाकली, ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. घाई त्याचीच आहे.

घरोघरी माळ्यावर पडलेली अवजारं ही. त्यात बघण्यासारखं काय?

बी पेरायची कुरी बघा. वर बी सोडायचं लाकडी चाडं, चाड्याच्या तळाला चार भोकं, प्रत्येक भोकातून एक बांबूची नळी थेट फणापर्यंत गेलेली. बैल चालतात, एक जण कुरी दाबून धरतो आणि दुसरा चाड्यावर मूठ धरून बोटांच्या फटीतून बी सोडत राहतो. एकराला किती बी पडणार, ते त्या मुठीवर. मूठ सैल पडली तर पीक दाट, आवळली तर विरळ, आणि ते कळणार उगवण झाल्यावर, तेही साऱ्या गावाला. म्हणून मूठ धरणारी माणसं ठरलेली असत. त्यात बायकाही असत, आणि पेरणीच्या दिवसांत त्यांना घरोघरचं बोलावणं यायचं. चाड्याच्या आतून हात फिरवा, आमच्याकडे हात लावायला बंदी नाही. एका बाजूचं लाकूड गुळगुळीत झालंय, दुसरी बाजू अजून खरबरीत आहे. वर्षानुवर्षं एकाच हाताची मूठ तिथे घासली गेली आहे.

या कुरीमागे या भागाची सगळी शेती उभी आहे. घाटाकडे रोप लावतात, आमच्या शिवारात भात पेरायची रीत. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कुळवून रान मोकळं करायचं, रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीतच धूळवाफ पेरणी उरकायची आणि मृगाची वाट बघायची. मृग धरला तर साधलं. ओढ दिली तर दुबार पेरणी, म्हणजे घरातलं खायचं भातही रानात. दिवाळीच्या मागेपुढे भात निघालं की राहिलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. पाटाचं पाणी नाही, तरी एका पावसावर दोन पिकं देणारी ही जमीन आहे. तिच्यावर प्लॉट पडताना बघून आमचा जीव तुटतो, तो यासाठी.

मोट चालवून दाखवता का?

नाही. विहिरीवर धाव (बैलांची उतरती वाट), थारोळं (पाणी पडायचं कुंड) आणि चाक जागेवर आहे, पण मोटेचं चामडं वाळून कडक झालंय, पाण्यात सोडली तर फाटेल. नाडा (जाड दोर) कुठून जातो आणि सोंदूर (सोंडेची बारीक दोरी) कुठून, मोट वर आल्यावर सोंडेतून पाणी आपोआप थारोळ्यात कसं पडतं, हे दोऱ्या ओढून दाखवतो. बैलांना उलट्या पावली मागे सारणं हे मोटेवरचं खरं कसब. ते ज्यांनी केलं त्यांच्याकडूनच ऐका, रविवारी कोणी ना कोणी जाणतं माणूस असतंच.

संग्रहालय बेळगाव तालुक्यापुरतंच आहे का?

नाही, पण सगळ्या सीमाभागाचं आहे असा दावाही आम्ही करत नाही. जिथून माणसांनी वस्तू आणि माहिती दिली, तो भाग इथे आला आहे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस वेगळा आणि म्हणून अवजारंही वेगळी. तिथलं इरलं बघा. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, मध्ये पानं भरलेली, पाठीवरून कमरेखालपर्यंत येणारं. छत्री धरली तर एक हात अडकतो. इरल्याखाली वाकून दोन्ही हातांनी रोप लावता येतं. गव्यांपासून नाचणी-भात राखायला रानात बांधायच्या माळ्याची छोटी प्रतिकृतीही ठेवली आहे. मार्कंडेय नदीच्या बाजूच्या गावांतून बटाट्या-रताळ्यांच्या शेतीची माहिती आली, संकेश्वरकडून मिरचीची, चिकोडी-निपाणीकडून गुऱ्हाळाची काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) आणि तंबाखू.

निपाणीच्या तंबाखूला वेगळी खोली का दिली?

कारण तंबाखूने निपाणीचा शेतकरी घडवलाही आणि पिळलाही. विडीच्या तंबाखूचं हे मोठं पीक. शेतात राबणूक शेतकऱ्याची, पुढे वखारीत राबणूक बायकांची, धुराळ्यात दिवसभर, आणि भाव ठरवणार व्यापारी. माल व्यापाऱ्याकडे गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात काही उरायचं नाही. वखारीत माल घातल्यावरही पैशासाठी खेटे घालावे लागायचे. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. भाकऱ्या गावागावांतून यायच्या. ६ एप्रिलला आंदोलन मोडलं गेलं, गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्या खोलीत आम्ही तंबाखू खुडायची, वाळवायची साधनं आणि तोलायचे काटे ठेवले आहेत. तंबाखू आरोग्याला वाईट हे आम्हालाही मान्य आहे, पण ज्या पिकासाठी आपली माणसं रस्त्यावर बसली, त्याचा इतिहास लपवायचा नसतो.

बेळगाव बासमती बघायला मिळेल का? बियाणं देता का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर या पट्ट्यात पिकणारा हा वासाचा तांदूळ एकेकाळी पाहुण्यांना द्यायची भेट होता. शिजत असला की शेजारच्या घरात कळायचं. पण तो उंच वाढतो, वाऱ्या-पावसात लोळतो आणि उतारा कमी देतो. इंटाण, सोनामसुरी, इंद्रायणी अशा वाणांपुढे तो हिशोबात टिकला नाही. त्यात शहर वाढलं, बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात उभ्या पिकात शिरू लागलं, रस्त्यांसाठी आणि वसाहतींसाठी जमिनी गेल्या. शेतकऱ्याने बासमती सोडला म्हणून त्याला दोष देऊ नका. सोडायला लावलं गेलं.

आता बियाण्याचं. भाताचं बी काचेच्या बरणीत लेबल लावून ठेवलं की जपलं, असं नाही. साध्या साठवणीत दोन-तीन वर्षांत उगवण घसरते आणि मग बरणीत राहतात फक्त दाणे. बी जपायचं तर दरवर्षी पेरायला हवं. संग्रहालयाच्या मागच्या तुकड्यात आम्ही ते पेरतो, दुसऱ्या वाणापासून अंतर ठेवून. भेसळीची लोंबी पोटरीनंतर, म्हणजे बाहेर पडली की, लगेच ओळखून उपटावी लागते, आणि हे काम आमच्याकडच्या काकींशिवाय कोणाला नीट जमत नाही. सुगीनंतर लोंब्या निवडून, उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवतो.

बी देतो, विकत नाही. जुन्या रितीप्रमाणे बोली एकच : पीक आल्यावर दुप्पट परत आणायचं. शेतकऱ्याने स्वतःच्या रानातलं बी राखणं, पेरणं आणि दुसऱ्याला देणं याला २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्यता दिली आहे, त्यामुळे त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. फक्त कुंडीत लावायला म्हणून मागू नका.

लोखंडी नांगराजवळ सायकलीचा फोटो का लावला आहे?

कारण तो नांगर सायकलीच्या दुकानातून जन्माला आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. तिथून सुरुवात होऊन पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत तेव्हा होती, त्यामुळे पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. कारखान्याची जागा शहराच्या विस्तारात गेल्यावर औंध संस्थानाने माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कारखाना तिकडे गेला, पण देशातल्या एका मोठ्या उद्योगाचं मूळ आपल्या बेळगावात आहे, हे इथल्या पोरांना कळायला हवं.

या नांगराने शेतीबरोबर गावही बदललं. तो खोल जातो, पण ओढायला बैलांच्या दोन-तीन जोड्या लागतात. एका घरी एवढे बैल कुठले? म्हणून पैरा करायचा : आज तुझं रान, उद्या माझं. पैऱ्यात भांडणं मिटायची, कारण उद्या त्याचेच बैल लागणार असायचे. ट्रॅक्टर आला आणि ही गरज संपली.

एवढ्या पायल्या आणि शेर कशाला ठेवलेत? सगळी मापं सारखीच तर आहेत.

सारखी दिसतात, नाहीत. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी ही उतरंड सगळ्यांना ठाऊक. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी हे आजोबांच्या पिढीला पाठ. पण एका मणाच्या पायल्या किती, हे गावागणिक बदलायचं. दशमान पद्धत आल्यावर सरकारी व्यवहारातून ही मापं गेली, घरातून मात्र अजून गेलेली नाहीत. आजही तांदूळ मापट्याने घेऊनच शिजतो.

खिडकीजवळची पायली हातात घ्या. तिच्या काठावर लोखंडी पट्टी ठोकली आहे आणि ती लाकडाच्या काठाच्या बोटभर वर आली आहे. म्हणजे प्रत्येक मापाला तेवढं धान्य जास्त. देणाऱ्या आजी म्हणाल्या, “खंड घालायला हीच असायची. आम्हाला देताना दुसरी.” कूळ म्हणून राबणं म्हणजे काय, ते समजायला ही पायली पुरे.

जुने सातबारे, मोडी कागद, कुळाचे कागद घेता का?

घेत नाही, बघतो. मूळ कागद तुमच्याच घरी राहू दे. आम्ही फोटो काढून, वाचून, तपशील लिहून घेतो आणि तुम्हालाही देतो. या भागातले कागद म्हणजे इतिहासाचे थर आहेत : आधी मोडी, मग मुंबई राज्यातले बाळबोध (देवनागरी) मराठी उतारे, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर हळूहळू कन्नड. एकाच सर्व्हे नंबरचे तीन लिप्यांतले कागद एका ट्रंकेत निघतात. त्यांत १९७४ च्या भूसुधारणेच्या वेळी भरलेला सात नंबरचा फॉर्म असेल तर तो खास जपा. कसणाऱ्या कुळाला १ मार्च १९७४ पासून जमिनीचा हक्क मागता आला, तो या फॉर्मवर आणि जमिनीच्या ट्रिब्युनलपुढे. अनेक घरांची जमीन त्या एका कागदावर उभी आहे.

एक कळकळीची विनंती : कागद लॅमिनेट करू नका. त्याने कागद आतल्या आत खराब होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका. सुती कापडात सपाट ठेवा, घडी घालू नका.

हे सीमाप्रश्नाचं संग्रहालय आहे का?

सीमाप्रश्न इथल्या घराघरात आहे, त्यामुळे तो इथे नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणारी माणसंच हे संग्रहालय चालवतात. शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, असे शेतकरी चंदगडच्या बाजूलाही आहेत आणि कागलच्या बाजूलाही. त्यांची कथा इथे मांडली आहे. पण गोठ्यातला मोठा नांगर आणि दगडी रूळ कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरातून आलेत. तेही याच बळ्ळारी नाल्याच्या पुरात बुडतात आणि त्यांनाही तोच बाजारभाव मिळतो. म्हणून पाट्या कन्नड आणि मराठी, दोन्हींत आहेत, आणि कन्नड शाळेची मुलं आली तर त्यांना त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस आहे. मराठीपणावर आमचं प्रेम आहे. त्यासाठी शेजाऱ्याचा नांगर बाहेर ठेवायची गरज आम्हाला वाटत नाही.

बेंदराला कार्यक्रम असतो का? कोणत्या बेंदराला?

बेंदूर हा बैलांचा सण. आमचा कार्यक्रम कर्नाटकी बेंदराला, ज्येष्ठ पौर्णिमेला. बैलांची शिंगं रंगवतात, झुली घालतात, संध्याकाळी कर तोडतात, म्हणजे आडवं बांधलेलं तोरण बैल पळवून तोडतात. बैल कमी झाले तरी ज्यांच्याकडे जोडी आहे ते आवर्जून आणतात. वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेआधी पाळतात त्या वारांच्या दिवशी आम्ही बंद असतो. वार म्हणजे रानात औत नाही, कुदळ नाही. जमिनीला आणि जनावराला सुट्टी देणारी ही रीत आम्हीही पाळतो.

बायकांच्या कामाचं काय ठेवलं आहे?

अजून कमी आहे, आणि ती उणीव आम्हाला बोचते. जातं, उखळ, मुसळ, सुपं, चुलीवरची भांडी सगळी आहेत. पण रोपलावण, भांगलण, बी निवडणं, वखारीतलं काम हे वस्तूंत मावत नाही. ते हातात आणि गळ्यात आहे. म्हणून आम्ही जात्यावरच्या ओव्या आणि भांगलणीची गाणी रेकॉर्ड करतो. तुमच्या घरी आजी असेल तर आधी कळवा, आम्ही येतो. नुसतं बसून “म्हणा” म्हटलं तर आठवत नाही. जात्यावर बसवलं, हातात खुंटा आला, की एकामागून एक ओवी येते. लेकीसुना समोर असाव्यात, पुरुषांनी बाहेर थांबावं.

काय घेता आणि काय घेत नाही?

शेतीचं, घरगुती, वापरलेलं, मोडकंसुद्धा घेतो. डागडुजी केलेलं तर हवंच आहे, कारण तारेने बांधलेलं जू घराची परिस्थिती सांगतं.

वीरगळ, सतीशिळा, मूर्ती घेत नाही. त्या जिथे आहेत तिथेच राहायला हव्यात. जागेवरून हलवल्या की गावाचा इतिहास तुटतो, आणि शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. सांबरशिंग, कातडी, सुळे तर अजिबात आणू नका, वन्यजीव कायद्याने ते बाळगणं गुन्हा ठरू शकतो, मग ते पणजोबांच्या काळचं का असेना. नांगरताना नाणी किंवा दागिने सापडले तर आमच्याकडे न येता तहसीलदारांकडे जा.

दिलेली वस्तू परत मिळते का? पैसे देता का?

पैसे देत नाही. एकदा पैसे सुरू झाले की भंगारवाला आणि शेतकरी यांच्यात फरक उरत नाही. वस्तू दान किंवा ठेव, दोन्ही प्रकारे घेतो आणि तसं लिहून देतो. ठेवीची वस्तू लग्नकार्याला, जत्रेला घरी न्या आणि परत आणा.

घरीच ठेवलेली अवजारं कशी जपायची?

लाकडातून भुसा पडत असेल तर ती वस्तू आधी बाकीच्यांपासून लांब करा. कीड एकातून दुसऱ्यात जाते. भोकं साफ करून कडुनिंबाचं तेल सोडा, कोरड्या सावलीत ठेवा. जमिनीला टेकवू नका, खाली विटा घाला म्हणजे वाळवी दिसते. लोखंडाचा सुटा गंज कापडाने काढून पातळ तेलाचा हात द्या.

ऑइलपेंट आणि वॉर्निश मात्र नको. हौसेने रंगवलेला नांगर हॉटेलच्या दारात शोभतो, पण त्यावरच्या हातांच्या खुणा रंगाखाली जातात. पितळही दर आठवड्याला चिंचेने घासून चकचकीत करू नका, नावं कोरलेली असतात ती झिजतात.

वेळ, तिकीट, सहल?

तिकीट नाही. रविवारी उघडं असतं, इतर दिवशी कळवून या. पेरणी आणि सुगीच्या दिवसांत आम्ही स्वतःच रानात असतो, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. शाळांनी सुगीतच सहल आणावी. खळ्यावर मळणी, वावडीवर (उंच तिवईवर) उभं राहून धान्याला वारं देणं हे तेव्हाच बघायला मिळतं. मुलांना जुने कपडे घालून पाठवा.

आमच्या गावातही असं करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

इमारत, कपाटं, देणगी यांपासून करू नका. गावातल्या सगळ्यांत वयस्कर पाच-सहा माणसांची यादी करा आणि मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा. “पूर्वीची शेती कशी होती?” असं विचारू नका, त्याला “लई चांगली होती” एवढंच उत्तर येतं. रानाचं नाव घेऊन विचारा : वरच्या पट्टीत काय पेरायचा? बी कोणाकडून आणायचा? खंड कोणाला, किती, कोणत्या मापाने? बाहत्तरच्या दुष्काळात जनावरं कुठे नेली? विहीर कोणी खणली, पाणी कितव्या परसावर, म्हणजे किती खोल, लागलं? शक्य असेल तर प्रश्न त्यांच्या बांधावर उभं राहून विचारा, तिथे आठवणी लवकर येतात. गावच्या नकाशावर रानांची नावं लिहून काढा. ती बहुधा कागदावर कुठेच नसतात आणि प्लॉट पडले की पहिल्यांदा तीच जातात. ज्या घरात रेकॉर्डिंग केलं, त्या घरी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर देऊन या. वस्तू मग आपोआप येऊ लागतात. काही अडलं तर आमच्याकडचे नोंदीचे कोरे फॉर्म घेऊन जा, दोन्ही भाषांत छापलेले आहेत.